झुबैदांचे दान आणि मक्केचे पाणी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत इतिहासातील दानशूर स्त्रियांविषयी आलेला लेख मी आवडीने वाचला. निरनिराळ्या देशांतील आणि धर्मांतील स्त्रियांना एका पानावर आणण्याचा लेखकाचा हेतू मला मनापासून पटला, आणि म्हणूनच त्यातील एक उणीव आपल्या कानावर घालावीशी वाटली. अब्बासी खलिफा हारून अल-रशीद याची पत्नी झुबैदा यांच्या वाट्याला त्या लेखात जेमतेम दोन वाक्ये आली आहेत: त्या अफाट श्रीमंत होत्या, रत्नजडित पादत्राणे वापरत आणि त्यांनी मक्केला कालवा बांधून दिला. यातले काहीही चुकीचे नाही. परंतु एवढ्यावर थांबले, की तो कालवा म्हणजे राजवाड्यातून सुटलेला एक हुकूम आणि तिजोरीतून गेलेली एक रक्कम, असेच चित्र वाचकापुढे उभे राहते. पाणी कोठून आणले, त्यासाठी कोणती जमीन विकत घेतली, कोणता कातळ फोडला आणि ते पाणी यात्रेकरूंच्या ओंजळीपर्यंत कसे पोचवले, हे सांगितल्याशिवाय झुबैदांचे दान समजत नाही. माझी सारी नोकरी पाणीपुरवठा खात्यात गेली. त्यामुळे या विषयाकडे मी थोड्या वेगळ्या नजरेने पाहतो, आणि त्या नजरेला जे दिसते ते आपल्या वाचकांपुढे मांडण्याची परवानगी मागतो.

मराठी वाचकांना झुबैदा हे नाव परके नाही. अरबी सुरस कथा आपल्याकडे दीडशे वर्षांपासून घरोघरी वाचल्या जात आहेत आणि त्यांत वेषांतर करून रात्री बगदादच्या गल्ल्यांतून फिरणाऱ्या हारूनबरोबर त्याची ही राणीही भेटते. कधी रुसलेली, कधी मत्सराने पेटलेली. कथेतील या राणीने खऱ्या बाईला झाकून टाकले आहे. खऱ्या झुबैदांचे मूळ नाव अमतुल अझीझ असे होते आणि इतिहासकार त्यांना बहुधा उम्मे जाफर म्हणतात. बगदाद शहर वसवणारा खलिफा मन्सूर हा त्यांचा आजोबा. त्यांचे वडील जाफर आणि हारूनचे वडील महदी हे सख्खे भाऊ होते, तर त्यांची आई ही हारूनच्या आईची, म्हणजे खैजुरान यांची बहीण होती. म्हणजे सासू हीच मावशी. हिजरी १६५ मध्ये, म्हणजे इ.स. ७८१-८२ च्या सुमारास त्यांचा विवाह झाला, इ.स. ७८६ मध्ये हारून खलिफा झाला आणि त्यानंतर थोड्याच काळात त्यांचा मुलगा अमीन जन्मला. वडिलांकडून आणि आईकडून राजघराण्याशी जोडलेली, स्वतःच्या नावावर जमीनजुमला आणि तो पाहायला स्वतःचे कारभारी असलेली अशी ही स्त्री होती.

दानाची परंपरा त्यांच्यापासून सुरू झाली नाही, हेही येथे सांगायला हवे. प्रेषित मुहंमद यांच्या पत्नींपैकी हजरत जैनब बिन्ते खुजैमा यांना गोरगरिबांची आई म्हणून लोक ओळखत, आणि विवाहानंतर थोड्याच महिन्यांत त्यांचे निधन झाले. दुसऱ्या हजरत जैनब, जहश यांच्या कन्या, या चामडे कमावत, शिवणकाम करत आणि त्यातून येणारे सारे वाटून टाकत. खलिफा उमर यांनी त्यांना वार्षिक नेमणुकीचे बारा हजार दिरहम पाठवले, तेव्हा त्यांनी त्या राशीवर कापड टाकले आणि आप्तांना व अनाथांना मुठीमुठीने वाटायला सांगितले, असे जुने चरित्रकार लिहितात. हिजरी २० मध्ये त्या वारल्या तेव्हा घरात काही शिल्लक नव्हते. पुढे झुबैदांच्या सासूबाई खैजुरान यांनी मक्केत प्रेषितांचा जन्म ज्या घरात झाला असे मानले जाई ते घर घेऊन तेथे मशीद केली. हाताने कमावून वाटणाऱ्या हजरत जैनब यांचे दान आणि राजघराण्यातील स्त्रियांचे दान यांची जात वेगळी आहे, आणि मला स्वतःला पहिल्याबद्दल अधिक आदर वाटतो. पण दुसऱ्या प्रकारात काही कामे अशी असतात, की ती एका माणसाच्या मुठीतून होणारच नाहीत. मक्केचे पाणी हे त्यांतले एक.

मक्का चहूबाजूंनी उघड्या डोंगरांनी वेढलेल्या कोरड्या खोऱ्यात वसलेली आहे. तेथे शेती नाही, बारमाही नदी नाही. जमजमची विहीर आणि इतर काही विहिरी यांवर गाव जगत आले. गावापुरते ते कसेबसे पुरेही. पण हजच्या दिवसांत चारी दिशांनी माणसे आणि जनावरे येऊन थडकत, आणि त्या काही दिवसांत लागणारे पाणी गावाच्या वर्षभराच्या हिशेबात बसणारे नव्हते. त्यातही यात्रेतला सर्वांत महत्त्वाचा दिवस अराफतच्या मैदानात काढायचा असतो, आणि ते मैदान तर मक्केच्याही बाहेर, उघड्यावर आहे.

अडचण मक्केला पोचल्यावर सुरू होत नसे. तिथवर पोचणे हीच मोठी अडचण होती. इराक आणि त्यापलीकडच्या पूर्वेकडील प्रदेशांतून येणारे यात्रेकरू कूफा शहरापासून वाळवंटात शिरत आणि सुमारे १,४०० किलोमीटर चालून मक्केला पोचत. या वाटेवर काय होऊ शकते, हे झुबैदांच्या घरातल्यांनीच अनुभवले होते. त्यांचे सासरे, खलिफा महदी, यांनी हिजरी १६१ मध्ये या मार्गावर मुक्कामाच्या जागा बांधण्याचा, मैलांचे दगड नवे बसवण्याचा आणि पाण्याचे हौद खोदण्याचा हुकूम काढला आणि यक्तीन इब्न मूसा या अधिकाऱ्याला त्या कामावर नेमले. तीनच वर्षांनी, हिजरी १६४ मध्ये, महदी स्वतः हजला निघाला आणि अकबा येथे पोचल्यावर पाणीच कमी पडले. बरोबरची माणसे तहानेने हैराण झाली, खलिफाला ताप भरला आणि यात्रा सोडून तो परत फिरला. यक्तीनवर त्याचा राग झाला, अशी नोंद तबरी या इतिहासकाराने केली आहे. ज्याच्या नावाने नाणी पडत होती त्या माणसालासुद्धा पाण्यावाचून माघारी यावे लागले; मग चालत निघालेल्या गरीब यात्रेकरूंचे काय होत असेल, याची कल्पना करता येते. झुबैदांचे लग्न याच्या पुढच्याच वर्षीचे आहे. त्या घटनेचा त्यांच्या मनावर काय परिणाम झाला हे कोणी लिहून ठेवलेले नाही, परंतु ती त्यांच्या घरात बोलली गेली नसेल असे मला वाटत नाही.

पुढे हा सगळा मार्गच त्यांच्या नावाने 'दर्ब झुबैदा' म्हणून ओळखला जाऊ लागला. येथे एक गोष्ट स्पष्ट करायला हवी, की हा मार्ग एकट्या झुबैदांनी बांधलेला नाही. इस्लामपूर्व काळापासून त्या दिशेने वाट होती. पहिला अब्बासी खलिफा सफ्फाह याच्या वेळी मैलांच्या खुणा झाल्या, महदीने मुक्काम बांधले, हारूनने भर घातली. तरीही लोकांनी नाव दिले ते झुबैदांचेच, आणि ते का दिले हे त्या मार्गाचे अवशेष पाहिले म्हणजे समजते. मार्गावर २७ मोठे मुक्काम होते आणि त्यांच्या मधल्या अंतरांत तितक्याच लहान थांब्यांची सोय होती. वाटेतले धोंडे बाजूला सारून रस्ता मोकळा केलेला होता. मोठ्या मुक्कामांवर विहिरी आणि दगडाचे प्रशस्त हौद असत. काही गोल, काही चौकोनी.

या हौदांची रचना माझ्यासारख्या माणसाला खिळवून ठेवते. वाळवंटात पाऊस वर्षातून एकदोनदाच पडतो, पण पडतो तेव्हा धो धो पडतो आणि कोरड्या ओढ्यांना तासाभरात लोंढा येतो. तो लोंढा वाहून जाऊ नये म्हणून ओढ्यात बांध घालायचे आणि चर काढून पाणी हौदाकडे वळवायचे. ते पाणी वाळू आणि चिखल घेऊन येते. म्हणून त्याला थेट मोठ्या हौदात न सोडता आधी शेजारच्या लहान हौदात सोडायचे, तेथे गाळ खाली बसू द्यायचा आणि वरचे निवळलेले पाणी तेवढे मोठ्या हौदात जाऊ द्यायचे. हौदाच्या भिंतींना आतून गिलावा, पाणी खाली गेले तरी उतरता यावे म्हणून पायऱ्या, आणि लहान हौद वेगळा असल्यामुळे गाळ उपसण्याची सोय. मदिनेच्या आग्नेयेला सुमारे दोनशे किलोमीटरवर रब्जा हे ठिकाण आहे. प्रेषितांचे साथीदार अबू जर गिफारी यांचे अखेरचे दिवस तेथेच गेले. रियाधच्या किंग सौद विद्यापीठाने १९७९ पासून तेथे उत्खनन केले, तेव्हा घरांच्या जमिनीखाली बांधलेल्या पाण्याच्या टाक्या सापडल्या, आणि गावाबाहेर साठ मीटरांहून अधिक व्यासाचा गोल हौद आजही उभा आहे. मी तो छायाचित्रांतच पाहिला आहे; त्याच्या काठावर उभे राहिलेले माणूस अगदी ठिपक्याएवढे दिसते.

झुबैदांच्या मृत्यूनंतर साडेतीनशे वर्षांनी, इ.स. ११८४ मध्ये, स्पेनमधून आलेला प्रवासी इब्न जुबैर हज आटोपून याच वाटेने बगदादला गेला. बगदादपासून मक्केपर्यंतचे हौद, विहिरी आणि मुक्काम हे झुबैदांचे स्मारक आहे, त्यांनी आयुष्यभर या कामाला वाहून घेतले आणि त्यांचे हे उपकार नसते तर ही वाट चालण्याजोगी राहिली नसती, अशा अर्थाचे त्याने लिहून ठेवले आहे. कोणा दरबारी कवीने बक्षिसाच्या आशेने गायलेली ही स्तुती नाही. हे शब्द त्या हौदांचे पाणी प्यालेल्या, अब्बासींच्या राज्याबाहेरून आलेल्या एका परक्या माणसाचे आहेत, आणि म्हणूनच मी त्यांना वजन देतो.

आता मक्केच्या कालव्याकडे येतो. झुबैदांनी पाच-सहा वेळा हज केला असे दिसते. त्यांतल्या एका यात्रेत, बहुधा हिजरी १९० च्या सुमारास, त्यांनी मक्केतला पाण्याचा दुष्काळ स्वतः पाहिला. जमजमची पातळी खाली गेली होती, आणि एक पखाल पाण्याला एक दीनार, म्हणजे सोन्याचे एक नाणे मोजावे लागत होते असे चरित्रकार सांगतात. झुबैदांनी जमजमची विहीर खोल करण्याची व्यवस्था केली, पण त्याने भागणार नाही हे त्यांना कळले असावे, कारण याच सुमारास मक्केबाहेरून पाणी आणण्याचे मोठे काम त्यांच्या हातून उभे राहिले.

मक्केपासून काही मैलांवर हुनैनच्या खोऱ्यात एक झरा होता आणि त्यावर एक बाग भिजत होती. झुबैदांनी ती बागच विकत घेतली, बागेचे सिंचन बंद केले आणि झऱ्याचे सारे पाणी मक्केकडे वळवले. पाणीवाटपात काम केलेल्या कोणालाही या एका गोष्टीचे मोल लगेच कळेल. उगम ताब्यात नसताना बांधलेला कालवा पुढे भांडणाचे मूळ होतो. वरच्या अंगाचा मालक पाट फोडतो आणि खालच्या अंगाचे लोक कोरडे राहतात. हे आपल्याकडे गावोगाव घडते. खलिफाच्या राणीला बाग नुसती ताब्यात घेणे अवघड नव्हते. त्यांनी ती विकत घेतली, ही नोंद मक्केच्या जुन्या इतिहासकाराने, अजरकीने, आवर्जून ठेवली आहे. दुसरी धार नुमानच्या खोऱ्यातून आली. ताइफच्या बाजूच्या डोंगरांच्या पायथ्याशी असलेले हे खोरे अराफतच्या वरच्या अंगाला आहे, त्यामुळे तेथून निघालेले पाणी उताराने अराफतच्या मैदानाला मिळते. म्हणजे यात्रेतल्या सर्वांत तापलेल्या आणि सर्वांत गर्दीच्या दिवशी, नेमके त्याच जागी पाणी. पंप नाही, मोट नाही. सगळे काम उताराचे. मैलोगणती अंतरावर हा उतार हातभरानेही चुकवून चालत नाही. थोडा जास्त झाला तर पाणी पाट कोरते, कमी झाला तर गाळ धरते. पुण्यातला कात्रजचा नळ किंवा छत्रपती संभाजीनगरची नहर-ए-अंबरी ज्यांनी पाहिली असेल, त्यांना दगडी बांधणीचा झाकलेला पाट आणि ठरावीक अंतरावर साफसफाईसाठी ठेवलेली तोंडे, म्हणजे आपल्याकडचे उच्छ्वास, लगेच ओळखू येतील. मक्केच्या कालव्यावरही तशी तोंडे आहेत.

खर्चाचा आकडा १७ लाख दीनार असा सांगितला जातो. कारभाऱ्याने खर्च फार येईल असे म्हटले, तेव्हा कुदळीच्या एका घावाला एक दीनार पडला तरी काम करा, असे झुबैदांनी उत्तर दिल्याचे चरित्रकार इब्न खल्लिकान लिहितो. काम संपल्यावर हिशेबाच्या वह्या समोर आल्या तेव्हा त्यांनी त्या तिग्रीस नदीत टाकायला लावल्या, आणि हिशेब आपण कयामतच्या दिवसावर सोडला आहे, ज्याच्याकडे शिल्लक असेल त्याने ती ठेवावी आणि ज्याचे येणे असेल त्याने ते घेऊन जावे, असे सांगितले, ही गोष्ट तर फारच प्रसिद्ध आहे. व्याख्यानांतून ती हमखास ऐकायला मिळते. ही गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या आवडत आली आहे, कारण ती ऐकणाऱ्याला एका क्षणात भारावून टाकते. मला मात्र झुबैदांचा स्वभाव दाखवणारा प्रसंग वेगळाच वाटतो. तो क्वचितच सांगितला जातो, आणि तो समजण्यासाठी मधल्या काळात त्यांच्यावर काय गुदरले हे पाहावे लागते.

इ.स. ८०९ मध्ये हारून वारला. अमीन खलिफा झाला, आणि अमीन व त्याचा सावत्र भाऊ मामून यांच्यात यादवी माजली. मामूनच्या सैन्याने बगदादला वर्षभर वेढा घातला आणि इ.स. ८१३ मध्ये झुबैदांचा एकुलता एक मुलगा मारला गेला. सूड घेण्यासाठी बाहेर पडा असे त्यांना सांगणारे लोक होते. त्यांनी ते साफ नाकारले, असे इतिहासकार मसऊदी लिहितो. पुढे मामूनने त्यांच्याशी सन्मानाने वागणूक ठेवली आणि त्यांनीही त्याच्याशी जुळवून घेतले. हिजरी २१० मध्ये मामूनचे बुरान यांच्याशी मोठ्या थाटाने लग्न झाले, तेव्हा झुबैदा तेथे हजर होत्या. नव्या राणीला काय हवे ते माग असे मामूनने म्हटले, तेव्हा बुरान यांनी ज्या गोष्टी मागितल्या त्यांत एक होती, ती म्हणजे उम्मे जाफर, म्हणजे झुबैदा, यांना हजला जाण्याची परवानगी. तोवर झुबैदांचे वय साठीच्या घरात होते.

त्याच वर्षी मक्केत दुसरी एक घडामोड चालू होती. झुबैदांच्या कालव्याचे पाणी शहराच्या वरच्या भागातल्या मोठ्या हौदात पडत असे. खालच्या भागातल्या लोकांना तिथवर पाण्यासाठी जावे लागे. सालेह इब्न अब्बास या अधिकाऱ्याने मामूनकडून आज्ञा आणवली आणि बाजारपेठांजवळ पाच लहान हौद बांधून त्यांत पाणी सोडले. आपल्या भाषेत सांगायचे तर मुख्य टाकीवरून वस्त्यांपर्यंत वाटपाची व्यवस्था केली. लोकांची सोय झाली, काम उत्तम झाले. पुढच्या वर्षी, हिजरी २११ मध्ये, झुबैदा हजला मक्केत आल्या आणि सालेह त्यांना भेटायला गेला, तेव्हा त्यांनी त्याला चांगलेच बोल लावले. मला का लिहिले नाहीस, मी खलिफाकडे शब्द टाकून ते काम स्वतःकडे मागून घेतले असते आणि मोठ्या हौदासाठी खर्च केला तसाच याचाही केला असता, म्हणजे या पवित्र नगरीतल्या लोकांसाठी जे मनात धरले होते ते पुरे झाले असते, अशा अर्थाचे त्यांचे बोलणे अजरकीने नोंदवले आहे. सालेहने क्षमा मागितली.

नवरा गेलेला, मुलगा मारला गेलेला, सत्ता सावत्र मुलाच्या हातात. आणि या बाई साठीत वाळवंट ओलांडून येतात आणि वाटपाचे हौद माझ्या हातून का झाले नाहीत म्हणून दुःख करतात. मूळ काम संपवून त्यांना वीसएक वर्षे होत आली होती. मोठ्या हौदावर काम संपले असे त्यांनी कधी मानलेच नव्हते. शेवटच्या वस्तीला पाणी मिळेपर्यंत ते त्यांच्या लेखी अपुरे होते. यात मानाची, नावाची अपेक्षा मुळीच नव्हती असे मी म्हणणार नाही. पण ज्याला आपल्या बांधलेल्या योजनेच्या शेवटच्या नळाची वीस वर्षांनी आठवण राहते, असा माणूस सरकारी खात्यातही विरळा आणि दानशूरांतही विरळा.

त्यांच्या श्रीमंतीबद्दलही लिहायलाच हवे. सोन्याचांदीची भांडी, जडावाचे जोडे, महालात कुराणपठणासाठी ठेवलेल्या शंभर दासी आणि त्यांच्या आवाजाची दिवसभर चाललेली गुणगुण, ही सगळी वर्णने जुन्या ग्रंथांत आहेत. हा पैसा जमिनींच्या उत्पन्नातून येत होता, आणि त्या जमिनी कसणारी माणसे झुबैदांइतकी सुखी नव्हती. ज्या मजुरांनी डोंगर फोडला त्यांची नावे कोठेही नाहीत. दान मोठे म्हणून हे प्रश्न झाकून ठेवावेत असे मला वाटत नाही, तसेच हे प्रश्न आहेत म्हणून चारशे कोसांच्या वाटेवरचे पाणी क्षुल्लक ठरवावे असेही वाटत नाही. त्या काळी असा पैसा अनेकींकडे आणि अनेकांकडे होता. तो बागेची खरेदी, पाटाचा उतार, गाळाचा हौद यांत गुंतवणारे थोडे होते.

बांधकामाइतकीच महत्त्वाची गोष्ट देखभालीची, आणि या कालव्याचा पुढचा इतिहास हा मुख्यतः देखभालीचा इतिहास आहे. अब्बासींची सत्ता खिळखिळी होताच दर्ब झुबैदाची दैना झाली. रब्जासारखे भरभराटीचे ठिकाण इ.स. ९३१ च्या सुमारास उजाड झाले ते कायमचे. मक्केचा कालवा मात्र पुन्हा पुन्हा बुजला आणि पुन्हा पुन्हा उपसला गेला. सोळाव्या शतकात तो जवळजवळ आटला, तेव्हा पुढे आली तीही एक स्त्रीच: उस्मानी सुलतान सुलेमान याची कन्या मिहरिमाह. त्यांच्या खर्चाने काम सुरू झाले, तेव्हा नुमानकडून येणारा झुबैदांचा पाट एका कठीण कातळापाशी थांबलेला आढळला. तिथून मक्केपर्यंतचा टप्पा नव्याने खोदणे भाग होते. कातळावर रात्रभर लाकडे पेटवून तो तापवायचा, सकाळी मऊ पडलेला थर फोडायचा, आणि पुन्हा लाकडे रचायची, असे काम वर्षानुवर्षे चालले. जवळपासचे जळण संपले, तेव्हा ते दुरून आणावे लागले. कामावर नेमलेला इब्राहीम बे हा अधिकारी मधेच वारला. अखेर इ.स. १५७१-७२ च्या सुमारास पाणी मक्केत पोचले. हा सगळा वृत्तांत ज्याने लिहून ठेवला तो कुतुबुद्दीन नहरवाली मक्केचा रहिवासी, पण त्याचे घराणे मूळचे गुजरातमधल्या पाटणचे.

आपल्याकडच्या लोकांचा संबंध एवढ्यावर संपत नाही. एकोणिसाव्या शतकात कालव्याच्या दुरुस्तीसाठी निधी उभारला गेला, त्यात हिंदुस्थानातल्या मुसलमानांच्या वर्गण्या होत्या. हजला जाणाऱ्या हिंदी यात्रेकरूंचे मुंबई हे मुख्य बंदर होते आणि १९९५ पर्यंत येथून जिद्दाला जहाजे जात होती. आमच्या कोकणातली कितीतरी माणसे त्या जहाजांनी गेली. माझी आजी त्यांतलीच. तिला लिहितावाचता येत नव्हते, बगदाद कोठे आहे हे तिला सांगता आले नसते, पण नहर-ए-झुबैदाचे, म्हणजे मक्केच्या या कालव्याचे, नाव ती आदराने घेई आणि घरात नळ उघडा राहिला की आम्हां मुलांना तेच नाव घेऊन दटावी.

लेखाबरोबरच्या छायाचित्राबद्दल शेवटी एक विनंती आहे. बगदादमधल्या ज्या उंच, टप्प्याटप्प्याने निमुळत्या होत गेलेल्या घुमटाच्या कबरीचे छायाचित्र 'झुबैदांची कबर' म्हणून छापले आहे, ती झुबैदांची नाही. लोक तिला झुबैदांची म्हणत आले आहेत, परंतु ती खलिफा नासिर याची आई जुमुर्रुद खातून यांची असून इ.स. १२०० च्या आसपास बांधलेली आहे. झुबैदा इ.स. ८३१ मध्ये बगदादला वारल्या आणि त्यांची कबर कुरैशांच्या कब्रस्तानात, म्हणजे आजच्या काझिमियाच्या भागात होती, इ.स. १०५१ च्या दंगलीत ती जाळली गेली. त्यांचे चित्र छापायचेच असेल तर अराफतच्या डोंगराच्या कडेने गेलेल्या दगडी पाटाचे अवशेष अजून उभे आहेत, किंवा रब्जाचा गोल हौद आहे. पुढच्या अंकात ही दुरुस्ती आणि यांपैकी एखादे छायाचित्र छापावे. दर्ब झुबैदाच्या मुक्कामांचा नकाशा पुरवणीत देण्याची आपली तयारी असेल, तर तो तयार करून देण्याचे काम मी आनंदाने करीन.

आपला विश्वासू,
एक निवृत्त पाणीपुरवठा अभियंता, रत्नागिरी